एक पात

वडिलांच्या लष्करी ट्रंकेत परवा पुठ्ठ्याचा एक तुकडा सापडला. मधोमध ओळीएवढी वेडीवाकडी खाच, कडेला मातीचा जुना डाग. हातात घेतला आणि मी विट्याजवळच्या आमच्या अंगणात पोचले, आठ वर्षांची होऊन.

वडील फौजेत होते. त्यांचं पत्र आलं की शेजारचे तात्या ओसरीवर बसून मोठ्यानं वाचत आणि घरातलं सगळं गल्लीला कळे. आईला अक्षरओळख नव्हती. मी तिसरीत होते, पण कागद धरला की ओळी एकमेकींत घुसायच्या. गुरुजींनी मला मठ्ठ ठरवून टाकलं होतं.

त्या दिवशी पत्र हातात धरून मी रडले. "आये, समदी अक्षरं एकदम अंगावर येत्यात."

आई नुकतीच भुईमुगातलं तण भांगलून आली होती, खुरपं अजून हातातच होतं. म्हणाली, "भांगलताना आख्खं रान बघतीस व्हय गं? आपली एक पात धरायची, तेवढ्या पट्ट्यातलंच तण बघायचं."

तिनं वहीचा पुठ्ठा फाडला, खुरप्याच्या टोकानं खाच पाडली आणि पत्रावर ठेवला. एकच ओळ उरली.

"हं, हो फुडं."

ओळ संपली की ती पुठ्ठा खाली सरकवायची. मी अडले की नुसती थांबायची. चार ओळींना उन्हं कलली.

त्या अडचणीला आज डॉक्टरांकडं नाव आहे. आईकडं खुरपं होतं.

पुढच्या पत्राला तात्या चष्मा पुसत आले. आई दारातच म्हणाली, "आवं तात्या, बसा, च्या घ्या. पत्र वाचणारं माणूस आता घरातच हाय."