पेंढ्यातला निळा धागा

माझ्या पेंढ्यात प्लास्टिक निघालं, असं पेणच्या कागदवाल्याने फोनवर सांगितलं तेव्हाच मी ओळखलं, याला भाव पाडायचाय. तो भाताच्या पेंढ्याचा हातकागद बनवतो. एकही झाड न तोडता केलेला कागद म्हणून शहरातली माणसं त्याचं कौतुक करतात. पेंढा गोळा करणारीला कोण विचारतं?

खांब गावच्या शेतकऱ्यांना मी शब्द दिला होता, यंदाचा सगळा पेंढा उचलेन. माझ्या भरवशावर त्यांनी गुरंवाल्यांना परत पाठवलं होतं. आता कागदवाल्याने नाही म्हटलं तर त्या गावात मला तोंड दाखवता आलं नसतं. वरसे गावातल्या माझ्या घरातून खांबची एक पेंढी काखेत मारली, रोह्याला एसटी पकडली आणि थेट त्याची शेड गाठली.

त्याने वाळलेला कागद उजेडात धरला. आत केसासारखे निळे धागे होते.

"तुमच्या पोत्यांचे असतील," मी म्हटलं.

"पोती पांढरी हायत, ताई."

"माझ्या पेंढ्या पेंढ्याच्याच बंधाने बांधतात. ही घ्या आणि माझ्यासमोर शिजवा."

सोड्याच्या पाण्यात पेंढा शिजला, धुतला, कुटला. मी पातेल्याकडे पाठ केली नाही. चहा आला, तोही नाकारला. चहा पिताना माणसाची नजर खाली जाते. दुपार कलल्यावर ओला कागद निघाला. निर्मळ.

"बोला आता!" मी आवाज चढवला.

माझ्याच मागच्या खेपेतला एक भारा त्याने कोपऱ्यातून ओढला आणि सोडला. आतून गाठीसकट निळा धागा निघाला. लगद्यात चौकट बुडवणारी बाई खाडीकाठची होती. ती खुदकन हसली.

"अगो बाय, ह्यो तं जाल्याचा धागा! आमच्याकडं उडवीवर जुनं जालं टाकतात, वाऱ्यानं पेंढा उडू नये म्हनून."

खाडीकाठचा खारा पेंढा नको, ही कागदवाल्याची पहिली अट होती. पण त्या खेपेला गाडी भरेना, म्हणून वाटेत खाडीकाठी रचलेल्या पेंढ्याच्या एका उडवीतले चार भारे मी चढवले होते. सगळा माल खांबचा, असं सांगून.

"खांबला खाडी कवा आली, ताई?" कागदवाल्याने विचारलं. सगळी शेड हसली. चूक माझी होती, ते मी मान्य करते. पण चार माणसांत माझं हसं करायची गरज नव्हती. त्या बाईला आधीच पढवून ठेवलं होतं, असं मला अजून वाटतं.

"माल घेतो," तो म्हणाला, "पण दर उडवी मी सोता येऊन बघनार."

इथेच मेख होती. शेतकरी त्याला दिसले की मधे माझं काय काम? पण दिलेला शब्द राखायचा होता. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन आला, तेव्हा खांबला प्रत्येक उडवीपाशी त्याच्या आधी मी उतरले. शेतकऱ्याशी मीच बोलले, त्याला फक्त पेंढा दाखवला. शेवटच्या शेताजवळच्या घरातल्या म्हातारीने पाणी प्यायला हाक मारली आणि मी पडवीत गेले. तांब्या तोंडाला लावते तोच त्याचा आवाज आला, "दादा, तुमचा मोबाईल नंबर काय?"

मी तांब्या तसाच ठेवून धावले. पण शेतकरी भला माणूस, आकडे सांगून मोकळाही झाला होता.