कोल्बाखची गाडी चर्चपर्यंत

पद्माकर जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या कारखान्यात इंजिनियर, पण जीव जडलेला जवळच्या खेड्यातल्या कोल्बाख मोटार कंपनीवर. कंपनी कसली, लोहाराची शेड! १९०२ साली सुरू, तीन वर्षांत एकोणीस गाड्या, मग कुलूप. कारण गिऱ्हाइकांसमोर चर्चच्या चढावर गाडी मधेच बंद पडली आणि ऑर्डरी रद्द झाल्या.

उरलेली एकुलती एक गाडी गावच्या मालकीची. ती पद्माकरनं सहा वर्षं शनिवार-रविवार खपून उभी केली. "घरातला पडदा लावायला मात्र यांना वेळ नाही," त्याची बायको विभावरी ज्याला-त्याला सांगायची.

२००५च्या जूनमध्ये गावच्या फेराइननं, म्हणजे मंडळानं, ठराव केला: गाडी स्वतःच्या जोरावर चर्चपर्यंत चढली तर गावात राहील, नाहीतर कोलोनच्या एका संग्राहकाला विकू. ठरल्या दिवशी सगळं गाव बँडसकट जमलं आणि अध्यक्ष हेर ओबरमायर ठरावाचा कागद घेऊनच चढावर उभे राहिले.

फट्-फट्-फट् करत गाडी निघाली. अर्ध्या चढावर फुस्स!

"पापा, पाइनलिश!" बारा वर्षांच्या अन्वीनं लाजून तोंड लपवलं.

"आल्झो..." ओबरमायरांनी घसा खाकरला. "कोलोनला फोन करतो."

पद्माकर रस्त्यावर आडवा होऊन गाडीखाली बघत होता. टाकी सीटखाली, इंजिन पुढे. पंप नाहीच, पेट्रोल नुसतं उतारानं वाहणार. नाक वर झालं की इंजिन टाकीच्या वर, मग पेट्रोल पोचणार कसं!

"अगं, बिघाड नव्हताच कधी! चला, गाडी फिरवू."

"घरी?" विभावरीनं विचारलं.

"छे! पाठ चर्चकडे."

हँडल मारलं, उलटा गियर टाकला. आता मागचं दिसणार कसं? विभावरी पदर खोचून मागे उभी राहिली आणि पुण्याच्या पार्किंगवाल्याच्या सुरात ओरडली, "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडे! अहो, माझ्या डावीकडे!" सोबतीला गाडीवर थाप. दुसऱ्या थापेला बँडवाल्यांनी ताल धरला, तिसऱ्याला सगळं गाव ओरडू लागलं, "येऊ द्या!"

"हाल्ट! उलटी?" ओबरमायरांनी कागद दोनदा वाचला. मागचं पानही उलटून पाहिलं. "तोंड कुठे असावं हे... लिहिलेलं नाही."

"गेनाऊ! अगदी बरोबर!" पद्माकर सीटवरून ओरडला.

मागचं चाक चर्चच्या पायरीला टेकलं. ओबरमायरांनी बॉनेटवर कागद ठेवून ऐटीत सही केली, आणि तापलेल्या पत्र्यावरून हात झटकत "आउआ!" करून नाचले.

अन्वी खो-खो हसत सुटली.