वेंडेलकाकांच्या पट्ट्या

वेंडेलकाकांएवढा हट्टी माणूस टिसा नदीकाठच्या आमच्या गावात दुसरा नव्हता. चाळीस वर्षं खोगिरं शिवली आणि निवृत्त होताच जाहीर केलं, "आता माझ्यापायी एकही जनावर कापलं जायला नको." त्यानंतर त्यांनी नवं कातडं हातात धरलं नाही. सायकलच्या मडगार्डला खाली लटकणाऱ्या, चिखल अडवणाऱ्या पट्ट्या ते शिवायचे, त्याही लोकांनी टाकून दिलेल्या चामड्याच्या. फाटके बूट, तुटके कमरपट्टे, जुनी दप्तरं. प्लास्टिकचं नाव काढलं की ओरडायचे, "ते तुझ्या नातवंडांच्या पोटात जाईल, एटेल्का!" मला तेव्हा नवरासुद्धा नव्हता.

त्या पट्ट्या मी माझ्या सायकलच्या दुकानात विकायचे.

एप्रिलमध्ये आमच्याकडे अडगळ काढायचा दिवस असतो. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला ठेवलेली वस्तू ज्याला हवी त्याने न्यावी. भंगारवाले पहाटेपासून गाड्या घेऊन फिरतात. काकांची रीत मात्र वेगळी. घंटा वाजवायची, "टाकलंय ना नक्की?" असं विचारायचं, मगच हात लावायचा. लोक हसायचे. "मोडक्या बादलीला मागणी घालायला आले बघा!"

त्या वर्षी ते टपालाची जुनी चामडी पिशवी छातीशी धरून दुकानात आले. इल्कामावशीच्या फाटकाजवळच्या बाकावर मिळाली होती. मावशी आमच्या पोस्टमन देझोची विधवा.

"विचारलंत?" मी म्हटलं.

"भंगारवाला दोन घरांवर आला होता, पोरी. आणि इल्काला विचारायचं म्हणजे तासभर तिच्या गुडघ्यांचं पुराण ऐकायचं."

"पण बाकावर होती ना? कडेला नव्हती."

"बाक काय नि कडा काय! असं चामडं आता मिळतं कुठे?"

मी तिथेच अडवायला हवं होतं. पण चामडं खरंच देखणं होतं आणि माझी गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी गप्प बसले, ते आजही खुपतं.

आठ पट्ट्या झाल्या. चौथ्या दिवशी इल्कामावशी चाकात हवा भरायला आली. कपाट टाकायला काढलं, त्यातली नवऱ्याची पिशवी घटकाभर बाकावर ठेवली तर गेली, म्हणून भंगारवाल्यांचा उद्धार करत होती. बोलता बोलता थांबली. भिंतीवरच्या एका पट्टीवर टपालखात्याचं चिन्ह, फुंकायचं शिंग, उमटलेलं होतं. तिने त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं.

काकांना कळलं तशा त्यांनी आधी भिंतीवरच्या पट्ट्या काढून घेतल्या. विकलेल्या तीन पट्ट्या त्यांनी दारोदार जाऊन, हातापाया पडून परत आणल्या. मग दहा दिवस डोळ्यांत तेल घालून पिशवी पुन्हा शिवली. टाके दिसत होते, पण पिशवी उभी राहिली. द्यायला जाताना मला सोबत नेलं.

"इल्का, चुकलो. विचारायला हवं होतं."

मावशीने पिशवी घेतली, उघडली आणि तिच्यात तोंड खुपसलं.

"धुतलीस का रे?"

"कापायच्या आधी सगळंच धुतो मी."

"साबणाने?"

काकांनी मान डोलावली.

"सहा वर्षं कपाटात बंद ठेवली होती, वेंडेल. त्याच्या तंबाखूचा वास होता हिला." तिने पिशवी त्यांच्या हातात परत दिली. "ठेव तूच. मला चामडं नको होतं."