इन्नोम्मे नोडी

मी मेकॅनिक माणूस. आवाज आला की तो कुठल्या बेअरिंगचा, एवढंच शोधणारा... भास, संकेत वगैरेंची मी कायम टिंगलच केली. तरीही हे लिहितोय, कारण घडलंय माझ्याच बाबतीत.

१९९३. मी नौदलात हेलिकॉप्टरचा मेकॅनिक होतो. सोमालियात यादवी पेटलेली आणि आमचं जहाज तिथल्या किनाऱ्यापासून जरा लांब उभं. बायको सुनंदा बंगळूरला, येलहंका स्टेशनजवळच्या भाड्याच्या घरात. सातवा महिना. मूळची नागपूरची, बंगळूरला येऊन तिला जेमतेम वर्ष झालेलं.

त्या दुपारी शांतिसेनेतल्या जखमी जवानांना आणायला हेलिकॉप्टर निघणार होतं. शेपटीकडच्या पंख्याची तपासणी करून मी झाकण लावलं. शेवटचा स्क्रू आवळत होतो... आणि अगदी कानाशी सुनंदाचा रडवेला आवाज — "अक्का, इन्नोम्मे नोडी!"

दचकून मागे बघितलं. पायलट साहेबांशिवाय कुणी नव्हतं. कन्नड मला 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'सरी' म्हणजे बरं, यापलीकडे येत नव्हतं. पण 'नोडी' म्हणजे 'बघा', हे बाजारात ऐकलेलं.

"चलें?" साहेबांनी विचारलं.

"सर, पाँच मिनट. एक बार फिर देखता हूँ."

"अभी तो देखा तूने!"

"देखा, सर... फिर भी."

झाकण उघडलं. टॉर्च मारला — काही नाही. मग आतला रॉड हाताने फिरवला. खालच्या अंगाला केसाएवढी चीर! हवेत तो तुटला असता तर... साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रॉड बदलून ते गेले आणि सहा जखमींना घेऊन परत आले. चीर सापडल्याची वेळ मी वहीत लिहिली : एक वीस.

अडीच महिन्यांनी घरी पोचलो तेव्हा मुलगी पंधरा दिवसांची होती. सुनंदा म्हणाली, "पत्रात मुद्दामच लिहिलं नाही तुम्हाला. एकदा पोटात हिची हालचालच थांबली होती. शेजारच्या बाईंनी दवाखान्यात नेलं. नर्स म्हणाली, ठोके लागत नाहीत. मी तिचा हातच धरून ठेवला."

"काय म्हणालीस तिला?"

"इन्नोम्मे नोडी. म्हणजे पुन्हा एकदा बघा. तेवढंच कन्नड सुचलं. तिनं मला कुशीवर वळवून परत बघितलं... अन् ठोके लागले!"

मी दिवस विचारला. तोच. ठोके लागले ती वेळ?

"चारला दहा कमी. समोरच्या घड्याळाकडेच बघत होते ना मी."

जहाजाचं घड्याळ इथल्यापेक्षा अडीच तास मागे; तिथली एक वीस म्हणजे इथली तीन पन्नास.

मनाचे खेळ म्हणावेत, तर 'इन्नोम्मे' हा शब्द मी त्याआधी कधी ऐकलाच नव्हता. मग तो माझ्या कानात आला कुठून?

पायलट साहेबांना मात्र सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. माझ्यासाठी लांबवलेल्या बारशाला ते कोचीहून बसने आले आणि चहाही न घेता आधी पाळण्यापाशी गेले.