बुडाकडून बघणारे मास्तर

रायफलची मारलेली गोळी हातात आली की मास्तर ती आधी उलटी करत. आम्ही बाकीचे तिचे टोक बघत असू, कारण निशाणाला लागते ते टोकच. मास्तर चष्मा कपाळावर सरकवून तिचे बूड बघत आणि कडेवरून अंगठ्याचे नख फिरवत. "पाटीलसाब, समोरनं तर सगळेच नीटनेटके असतात," ते म्हणत. "शिलाई मागनं बघावी."

ते शिंपी होते. शहरातल्या गुलमंडीत एका जिन्याखाली त्यांचे दुकान होते. एक मशीन, एक कापायची फळी आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. चीनच्या लढाईनंतर गावोगाव नागरिकांना रायफल शिकवायची टूम निघाली, तेव्हा आमच्याकडेही एक क्लब सुरू झाला. छावणीच्या पलीकडे टेकडीच्या पोटाशी मैदान होते. रायफली पोलिसांच्या, शिकवणारे एक निवृत्त सुभेदार. पहिल्या रविवारी पंचवीस-तीस जण जमले. त्यात वकील होते, दुकानदार होते, जिल्हा परिषदेतला कारकून म्हणून मी होतो, आणि सगळ्यांच्या मागे गळ्यात टेप तशीच विसरून आलेले मास्तर होते.

मी अजिंठ्याकडचा. आमच्या घरी माझ्या आजोबांपासून बंदूक होती, आणि दहाव्या वर्षी मी पहिला तितर पाडला होता. इथे पहिला नंबर आपलाच, हे मी गृहीत धरले होते. मास्तरांच्या वडिलांकडेही एक शिकारीची बंदूक होती म्हणे, पण अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर ती जमा झाली आणि परत मिळाली नाही. तेव्हापासून त्यांनी बंदुकीला हात लावला नव्हता. त्या पहिल्या रविवारी शंभर यार्डांवर त्यांच्या पाच गोळ्या एका पेल्याच्या तोंडाएवढ्या जागेत बसल्या. माझ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत. सुभेदारांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे बघून ते नुसते "ठीक" म्हणाले.

त्या दिवसापासून मी मास्तरांवर जळू लागलो. हे लिहायला आता लाज वाटत नाही, वय झाले. तेव्हा मात्र मी स्वतःलाही ते कळू देत नव्हतो. त्यांचा श्वास रोखून धरण्याचा सावकाशपणा मला खुपे. निशाण चुकले तरी ते हसत, हेही खुपे. घरी बायको नवे पोलके घालून आरशासमोर उभी राही आणि म्हणे, "मास्तरांचा हात लागला की कापड कसं अंगासरसं बसतं." त्यावर मी पोलके महाग पडले म्हणून कुरकुरत असे.

नेमबाजी संपली की आम्ही चहाकडे वळत असू आणि मास्तर निशाणामागच्या मातीच्या बांधाकडे जात. सुभेदारांच्या परवानगीने ते माती उकरून मारलेल्या गोळ्या गोळा करत आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवत. टोके बहुतेक चेपलेली असत, पण काडतुसात एरवी झाकलेली बुडे शाबूत सापडत. तिथे त्यांच्या लक्षात आले की आम्हाला मिळणाऱ्या गोळ्या दोन जातींच्या आहेत. एकीचे बूड सपाट, कापल्यासारखे. दुसरी मागे निमुळती होत गेलेली, होडीच्या शेपटासारखी. काडतुसावरच्या शिक्क्यावरून कुठल्या खोक्यात कुठली, हेही त्यांनी शोधून काढले. आमच्यापैकी कुणाला, सुभेदारांनासुद्धा, ते बघायचे सुचले नव्हते.

मग त्यांनी दोन्ही जाती वेगवेगळ्या मारून बघायला सुरुवात केली. रविवारचे रविवार गेले. शंभर आणि दोनशे यार्डांवर सपाट बुडाची गोळी जास्त नेमकी निघाली. तीनशेवर दोन्ही सारख्या. आमचे मैदान तिथेच संपत होते; पुढे नाला होता. एकदा मी दुकानात कोटाचे माप द्यायला गेलो, तेव्हा त्यांनी माझे खांदे मोजता मोजता मला हे सगळे समजावले. नळीतून बाहेर पडताना मागचा वायू बुडाला शेवटचा धक्का देतो. बूड सपाट असले तर तो सगळीकडून सारखा बसतो. निमुळत्या शेपटात केसाएवढे वाकडेपण असले तरी तोच धक्का तिला डगमगवतो.

"पण लांबच्या पल्ल्याला वेगळं होतं," ते म्हणाले. "एसटीच्या मागं धूळ कशी ओढत जाते, बघितलं? सपाट पाठ असली की मागची हवा अशी ओढून धरते. निमुळतीला कमी धरते. जवळ सपाट पुढं, निमुळती मागं. तीनशेला दोघींची गाठ पडली. मग सहाशेला कोण पुढं असंल?"

मी म्हटले, निमुळती. ते इतके खूश झाले की माझ्या बाहीचे माप पुन्हा घ्यावे लागले. "व्हय. पण हे माझं म्हणणं झालं. डोळ्यानं कुठं बघितलंय?"

त्या हिवाळ्यात पुण्याला राज्याच्या स्पर्धा होत्या, आणि तिथले मैदान सहाशे यार्डांचे होते. आमच्या क्लबातून एकच जण जाणार होता. निवडीत मास्तर पहिले आले, मी दुसरा. तीन रात्री मला झोप आली नाही. चौथ्या दिवशी मास्तर स्वतः ऑफिसात आले आणि म्हणाले, रमजान चालू आहे, ईदचे कपडे शिवायचे पडले आहेत, दुकान सोडून जाणे जमणार नाही, तुम्ही जा. मला हवे होते ते मिळाले, पण त्यांनी सोडलेले म्हणून मिळाले. त्यांच्या ताटातला घास उचलल्यासारखे वाटले. निघताना त्यांनी एकच काम सांगितले. "सरावाच्या दिवशी दोन्ही जातीच्या दहा-दहा मारा. आणि मला येऊन सांगा."

मी मारल्या. सपाट बुडाच्या दहा गोळ्या परातीएवढ्या जागेत पसरल्या, त्यातल्या दोन तर निशाणाच्या फळीच्या खालच्या कडेला गेल्या. निमुळत्या दहाच्या दहा एका जेवणाच्या ताटात मावल्या असत्या. मी उताणा पडून आभाळाकडे बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी स्पर्धेत मी लांबच्या पल्ल्याला निमुळत्या गोळ्याच मागून घेतल्या आणि मला दुसऱ्या क्रमांकाचे पदक मिळाले. एका साहेबांनी विचारले, हे कसे सुचले? मी म्हटले, अनुभवाने.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मास्तर शीरखुर्म्याचा डबा घेऊन घरी आले. पदक हातात घेऊन त्यांनी तेही उलटे करून बघितले, मनापासून अभिनंदन केले आणि मग खुर्चीच्या कडेला सरकून बसले. मला कळले, आता ते विचारणार.  पदक माझे होते, पण या माणसाला आता जे मिळणार होते ते त्याहून मोठे होते, आणि ते माझ्या तोंडून मिळणार होते.

"काय झालं सहाशेला?"

"काही फरक नाही, मास्तर," मी म्हणालो. "दोन्ही सारख्याच."

त्यांनी पदक माझ्या हातात परत दिले. मग म्हणाले, "म्हणजे माझाच टाका कुठं तरी चुकला." डबा रिकामा करून घ्यायचेही त्यांना सुचले नाही. बायकोने तो दुसऱ्या दिवशी दुकानात पोहोचवला.

त्यानंतर ते क्लबात येत राहिले, पण बांधाकडे जाणे थांबले. गोळ्यांचा डबा त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकला. वर्षभरात त्यांचे येणेही सुटले. सुभेदार गेल्यावर नव्या लोकांना शिकवायचे काम माझ्याकडे आले. मी त्यांना सांगत असे, गोळीचे नाक बघू नका, बूड बघा. जवळ सपाट, लांब निमुळते. लोक माना डोलावत. आपण कुणाच्या तरी अंगातला कोट घालून उभे आहोत, असे मला प्रत्येक वेळी वाटे.

अशी अकरा वर्षे गेली. एक दिवस बायको म्हणाली, मास्तरांचे दुकान बंद झाले, त्यांचा हात थरथरतो म्हणून. मुलीकडे मुकुंदवाडीला राहतात, तब्येत काही बरी नाही. मी दोन आठवडे टाळले आणि मग गेलो. ते स्टेशनच्या बाजूच्या दोन खोल्यांत खाटेवर बसले होते. मला बघून त्यांनी मुलीला चहा टाकायला सांगितले. इकडचे तिकडचे बोलणे मला जमले नाही. मी चहा यायच्या आधीच म्हणालो, "मास्तर, मी तुमच्याशी खोटं बोललो होतो. सहाशेला निमुळती पुढं होती. लई पुढं."

मी त्यांच्या रागाची तयारी करून गेलो होतो. ते का म्हणून विचारतील, याचे उत्तर वाटेत चार वेळा जुळवले होते. ते खाटेवरून पुढे वाकले. त्यांनी माझे मनगट धरले. 

"किती पुढं?"

मी परातीचे आणि ताटाचे सांगितले. खाली गेलेल्या दोन गोळ्यांचेही सांगितले. ते प्रत्येक शब्द परत म्हणून बघत होते.

"वारा कुठनं होता?"

"डावीकडनं. हलका."

"दोन्ही वेळेला तोच?"

"तोच."

त्यांनी मनगट सोडले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा ते हसत होते. ती घाबरून माझ्याकडे बघू लागली, तर ते तिला म्हणाले, "बेटा, साबको मीठा खिला. हमारा सही निकला." अकरा वर्षांचा, माझ्या खोटेपणाचा, एका शब्दानेही उल्लेख झाला नाही. मला तर वाटते, त्या वेळी मी त्या खोलीत आहे हेही ते विसरले होते.

त्यानंतर चार महिन्यांनी मास्तर गेले. मातीला मी होतो.

खरे सांगून त्या संध्याकाळी त्यांच्याकडून निघालो तेव्हा मन हलके व्हायला हवे होते. मी मुकुंदवाडीच्या फलाटावर गाडीची वाट बघत बसलो. त्यांचा तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा समोरून हलत नव्हता. इतका आनंद मला पदक गळ्यात पडले तेव्हा झाला नव्हता, पुढेही कधी कशानेच झाला नाही. क्षमा मागायला गेलेला मी, त्या माणसाचा पुन्हा एकदा हेवा करत घरी आलो.