लांब पल्ल्याआधी पाणी नको

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. उमेदीची सगळी वर्षं ट्रक चालवण्यात गेली, पण कुणाला साधा ओरखडा काढला नाही. सोबतच्या एका ड्रायव्हरच्या निवृत्तीच्या पार्टीत रात्री प्यायले, घरी येऊन झोपले आणि सकाळी डेपोच्या फाटकावर रोजच्यासारखी दारू तपासायच्या यंत्राची नळी फुंकली. यंत्र बोंबललं. रात्रीची पुरती उतरली नव्हती. गाडी तिथेच राहिली, भाऊजी बसने घरी आले आणि खुर्चीत बसले. त्यानंतर ते तिथून उठलेच नाहीत म्हटलं तरी चालेल.

चूक त्यांचीच. मी कुणाची तळी उचलत नाही. समुपदेशन झालं, वर्ग झाले, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला. दारू तर त्या सकाळीच सुटली होती. पण काम मागायला गेलं की हा माणूस नमस्काराच्या आधी सांगायचा, "मी टेस्टमध्ये सापडलेलो आहे." मालक म्हणायचा, "कळवतो." मी वैतागायचो, "अहो, आधी चहा तरी येऊ द्या." ते म्हणायचे, "नंतर कळण्यापेक्षा बरं." राग नाही, दुःख नाही, बाहेर ऊन आहे सांगावं तसं. ताईने त्यांच्याशी भांडणंसुद्धा सोडून दिलं होतं. मला त्याचीच जास्त भीती वाटायची.

मी ट्रकच्या सीटा शिवतो, त्यामुळे मालक लोक ओळखीचे. शीतगृहाचा माल नेणाऱ्या एकाच्या मी हात धुऊन मागे लागलो. शेवटी तो म्हणाला, "पाठव त्यांना. लघवीची टेस्ट पास झाले तर इथूनच गाडी घेऊन निघू देत. नापास झाले तर पुन्हा त्यांचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही."

नापास व्हायला काही कारणच नव्हतं. एवढंच की, एकदा सापडलेल्या ड्रायव्हरच्या समोर तपासनीस उभा राहतो, बघत, नमुना बदलला जाऊ नये म्हणून. ते भाऊजींना ठाऊक होतं.

इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, अशा थाटात ते निघाले आणि मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. गाडीत माल भरणं चालू होतं. भाऊजी गाडीभोवती फिरले, एकेक टायर बोटांनी दाबून पाहिला. मला फार बरं वाटलं. मग ते आत गेले आणि बऱ्याच वेळाने रिकामी बाटली घेऊन बाहेर आले.

"होत नाही," म्हणाले.

"लाजताय का?"

"लाज कसली आता. पोटात पाणीच नाही. काल संध्याकाळपासून प्यायलो नाही."

मी डोक्याला हात लावला. लांबच्या फेरीआधी पाणी प्यायचं नाही, ही त्यांची कायमची सवय. भरलेली गाडी वाटेत कुठे कुठे थांबवणार? लोक टेस्टला जाताना पोट भरून पाणी पितात. हे गाडी चालवायला निघाले होते.

पाणी मिळालं, पण नियमात बसेल तेवढंच. ठरलेल्या वेळेत नमुना दिला नाही तर तो नकार, आणि नकार म्हणजे नापास. भाऊजी बाकावर बसायचे, आत जायचे, परत यायचे. तपासनीस भला माणूस होता. दाराआडून त्याचा आवाज आला, "काका, मी इथे नाहीच असं समजा."

"समजतोय," भाऊजी म्हणाले.

वेळ संपली. मालकाने दुसऱ्या ड्रायव्हरला बोलावून घेतलं. मी गयावया केली, मग भांडलो, नको ते बोललो. "नियम काय मी केलाय?" एवढंच म्हणून तो केबिनमध्ये गेला. ट्रक आमच्या समोरून फाटकाबाहेर पडला. भाऊजींनी बाजूला सरकून त्याला वाट दिली.

परतताना थोडं अंतर गेलो असू, त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "थांब जरा." ते गोदामाच्या भिंतीपाशी उभे राहिले. मी तोंड फिरवलं. कितीतरी वेळ धारेचा आवाज येत होता आणि मला रडू आवरेना.

तेवढ्यात ताईचा फोन आला. मी तो हातात वाजू दिला. परत आल्यावर भाऊजींनी हात पँटला पुसून फोन घेतला.

"निघाली का गाडी?" ताईने विचारलं.

"निघाली."

"सावकाश चालवा."

"हो," भाऊजी म्हणाले. फोन माझ्या हातात दिला आणि स्कूटरवर माझ्या मागे बसले.