शेवटचा जोड

दोन वस्तू जिथं जोडलेल्या असतील तिथं ते बोट फिरवायचे. बसच्या खिडकीचं रबर, थर्मासचं झाकण, कॅन्टीनच्या टेबलाची कड, काहीही चालायचं. बोट एका टोकाकडून निघायचं, मध्येच अडखळायचं, आणि मग ते हळूच म्हणायचे, "माल चांगलाच असतो हो. घोळ असतो तो जोडात."

अबू धाबीजवळच्या आमच्या मुसफ्फाच्या कारखान्यात ते वेल्डिंग तपासायचे. टाकी असो की पाइप, त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय गेटबाहेर पडत नसे. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पिवळा मार्कर. सांध्यात दोष दिसला की त्याभोवती गोल करायचा आणि शेजारी इंग्रजी 'आर' लिहायचा. आर म्हणजे रिपेअर. सगळे त्यांना इन्स्पेक्टर म्हणत. हुद्दा तोच होता आणि रहस्यकथांचं वेडही होतं, त्यामुळे नाव दोन्ही बाजूंनी बसायचं.

आमची दोस्ती मात्र झाली कंपनीच्या बसमध्ये. दुबईतल्या अल बर्शाहून पहाटे साडेपाचला निघायचं, सव्वा तासाचा रस्ता. अशा बसनं तुम्ही कधी गेला असाल तर ती वेळ तुम्हाला माहीत असेल. शरीर सीटवर असतं, मन अजून उशीवर असतं. बाहेर दिव्यांची रांग मागे जात राहते आणि त्यापलीकडे अंधार आहे की वाळू, ते कळत नाही. मागच्या बाजूला आम्ही तिघं बसायचो: मी, खरेदी विभागातला वसईचा ग्रेगरी आणि इन्स्पेक्टर. त्या अर्धवट झोपेत त्यांचा खालच्या पट्टीतला आवाज सुरू व्हायचा. ते वाचलेली कादंबरी सांगायचे, रोज थोडी थोडी. मुसफ्फाचा पूल दिसला की थांबायचे.

"पूल आला. पुढचं उद्या. खलास."

मग तुम्ही कितीही गयावया करा. ग्रेगरी एकदा रागावून दोन दिवस पुढच्या सीटवर जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी परत आला आणि म्हणाला, "दोन दिवसांत कोण मेलं, तेवढं सांगा."

त्यांच्या आवडत्या लेखकाची एक कादंबरी त्यांनी आम्हाला पहिल्याच वर्षी सांगितली. कोकणातलं दीपगृह, तिथल्या रखवालदाराची तरुण बायको, समुद्रात बेपत्ता झालेला नवरा. शेवटच्या पानावर दीपगृहाचा दिवा आपोआप विझतो, बाई अंधारात उभी असते आणि वरच्या जिन्यावर पावलं वाजतात. पुस्तक तिथंच संपतं. उरलेलं दुसऱ्या भागात.

दुसरा भाग नऊ वर्षं आला नाही. "जिन्यावर कोण होतं?" हे आमच्या बसमधलं गुड मॉर्निंगच झालं. नवरा होता, असं माझं मत. ग्रेगरी म्हणायचा, सासराच होता, सासऱ्यावर भरवसा ठेवायचा नसतो. पेशावरकडच्या ड्रायव्हर खानभाईंना मराठी यायचं नाही, पण गोष्ट त्यांना बरोब्बर कळायची. तेही आरशात बघून विचारत, "सीढ़ी वाला मिला क्या?"

"येणार. या दिवाळीला येणार, इन्शाल्ला," इन्स्पेक्टर सांगायचे. "तो माणूस फसवणार नाही. माझी ग्यारंटी घ्या." ग्यारंटी हा शब्द ते उगाच वापरत नसत. ज्या टाकीवर त्यांची सही असे ती आजवर कधी गळली नव्हती.

नवव्या दिवाळीनंतर पुस्तक खरंच आलं. त्यांच्या मेव्हण्यानं येताना बॅगेतून आणलं. शनिवार-रविवार आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. सोमवारी ते बसमध्ये चढले, खिडकीशी बसले आणि बोट फिरवायचं विसरले. जेबेल अलीपर्यंत बाहेरच बघत होते.

"काय इन्स्पेक्टर, कोण होतं जिन्यावर?" ग्रेगरीनं विचारलं. पोरासारखा पुढे झुकून बसला होता, पन्नाशीचा माणूस.

त्यांनी त्याच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. "सांगतो," ते म्हणाले. "घाई कशाला?"

आणि मग त्या हिवाळ्यात त्यांनी जी गोष्ट सांगितली, तशी मी आयुष्यात ऐकलेली नाही. बाई अंधारात एक एक पायरी चढायची आणि प्रत्येक पायरीवर तिला काहीतरी आठवायचं: लग्नातला बँडवाला, नवऱ्याचा खोकला, माहेरच्या विहिरीचं पाणी. खाली समुद्रावर धुकं उतरलेलं असायचं. आमच्याही रस्त्यावर त्या दिवसांत धुकं असतं. ते फार दाट झालं की बसना बाजूला थांबायचा हुकूम होतो. खानभाई इंजिन बंद करायचे, काचा पांढऱ्या व्हायच्या आणि त्या दिवशी गोष्ट दुप्पट लांबायची. आपण अबू धाबीच्या रस्त्यावर आहोत की दीपगृहाच्या पायथ्याशी, ते खरोखरच कळेनासं व्हायचं. मला तर वाटे, धुकं विरलंच नाही तरी चालेल.

एके दिवशी त्या बाईनं भूक लागली म्हणून कालच्या कालवणात खबूस बुडवून खाल्ला. खबूस म्हणजे इथल्या बेकरीतली गोल रोटी. आम्ही कुणीच काही बोललो नाही. आमच्या घरी आठवड्यातून तीनदा तेच असतं.

मार्चमध्ये त्यांना साठ पूर्ण झाली. व्हिसा संपला, चिपळूणचं तिकीट ठरलं. शेवटच्या सकाळी बाई जिन्याच्या शेवटच्या वळणावर पोचली होती, हातातला कंदील वर उचलत होती. आणि पूल आला.

"पुढचं उद्या," ते सवयीनं बोलून गेले. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये सांगतील असं आम्हाला वाटलं, पण कागदपत्रांच्या गडबडीत ते परस्परच गेले. निरोपाच्या फोनवर ग्रेगरीनं निदान पुस्तक तरी मागितलं. "अहो, कुठं ठेवलंय कोण जाणे," म्हणाले. स्वतःचा मार्कर कधी न हरवलेला माणूस पुस्तक हरवतो, हे मला पटलं नाही.

पुस्तक जूनमध्ये त्यांच्या ड्रॉवरमध्येच सापडलं, कॅलेंडरच्या पानात नीट गुंडाळलेलं. नव्या इन्स्पेक्टरनं ते माझ्याकडे दिलं. शेवट वाचून ग्रेगरीला सांगायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. घरी जाऊन उघडलं आणि बसलोच. पानापानावर पिवळे गोल होते. एका संवादाभोवती गोल, शेजारी आर. एका अख्ख्या प्रकरणाभोवती गोल, शेजारी आर. सुरुवातीला अक्षर रेखीव, पुढे पुढे चिडलेलं. जिन्यावर कोण होतं? नवऱ्याचा जुळा भाऊ. पहिल्या भागात ज्याचं नावसुद्धा नव्हतं तो जुळा भाऊ. त्या वाक्याभोवती गोल इतका दाबून काढला होता की कागद फाटला होता.

मी सगळं पुस्तक वाचलं. पायऱ्या नाहीत, विहिरीचं पाणी नाही, धुकं नाही. आम्ही ऐकलेलं एक अक्षरही त्यात नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की कोकणातल्या दीपगृहात खबूस आला कुठून.

मी एवढा वैतागलेला पाहून माझी मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स ओन्ली अ स्टोरी." तिला काय सांगणार?

मी चिपळूणला फोन लावला. "इन्स्पेक्टर, तुमचा ड्रॉवर उघडला."

पलीकडे कुठेतरी पंप चालू होता. मग ते म्हणाले, "किती रिपेअर निघाले?"

"मोजले नाहीत."

"फार राग आला होता हो मला. नऊ वर्षं त्या माणसाची ग्यारंटी दिली मी तुम्हाला. आणि बसमध्ये चढतो तर ग्रेगरी असा तोंडाकडे बघतोय. त्याला जुळा भाऊ सांगायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, करून टाकू आपणच रिपेअर."

"मग तुमच्या जिन्यावर कोण होतं?"

"तेच तर," ते म्हणाले आणि हसले. "शेवटचा जोड मलाही जमला नाही. रोज वाटायचं, उद्या सुचेल. साठी आली, पण सुचलं नाही. आता त्या लेखकावरचा राग गेला माझा. तुम्ही बघितलंय ना, वेल्डरच्या पाठीमागे जाऊन उभं राहिलं की त्याचा हात थरथरतो? आम्ही नऊ वर्षं त्याच्या मागे उभे होतो."

एवढा मोठा माणूस इतकी वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर बसत होता आणि मी त्याला फक्त गोष्ट सांगणारा समजत होतो, याची मला लाज वाटली.

पुस्तकात काय आहे ते मी बसमध्ये कुणालाच सांगितलं नाही. यंदा धुकं लवकर पडलं. बस रस्त्याकडेला थांबली, खानभाईंनी इंजिन बंद केलं. खिडकीशेजारची ती सीट रिकामी होती, तिथं अजून कुणी बसत नाही. ग्रेगरी माझ्याकडे वळला.

"पुस्तक मिळालं म्हणे तुला."

"मिळालं."

"मग? कोण होतं जिन्यावर?"

पुस्तक माझ्या बॅगेत होतं. दोन शब्द सांगितले असते की विषय संपला असता. खानभाई आरशातून बघत होते. माझं बोट खिडकीच्या रबरावरून कधी फिरायला लागलं ते मला कळलं नाही.

"बाईनं कंदील वर उचलला," मी म्हणालो, "पण वारा होता. वात थरथरली." पुढं काय बोललो ते नीट आठवत नाही. माझा आवाज इन्स्पेक्टरांसारखा नाही, शब्द अडत होते. तरी ग्रेगरी डोळे मिटून ऐकत राहिला. धुकं विरलं, बस निघाली, बाई अजून त्याच पायरीवर होती.

"पूल आला," मी म्हणालो. "पुढचं उद्या."

ग्रेगरीनं डबा उचलला, उतरताना दारात थांबला. "चांगलं चाललंय," तो म्हणाला. "फक्त उद्या तिला खबूस दे हां. इन्स्पेक्टर द्यायचे."

खबूस पुस्तकात नाही, हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.